मीराचे शिकारीचे शनिवार

६ ऑक्टोबर २०१८, शनि.
मीराने आज तिच्या बाबाचा, येन्सचा, हिरवा कोट कपाटातून काढला आणि घालून बसली. बाह्या पार गुडघ्यापर्यंत. जेवतानाही काढेना. ओपा, येन्सचे वडील, आले होते. येन्स गेल्यापासून ते दर शनिवारी येतात, केक आणतात, मुलाबद्दल चकार शब्द काढत नाहीत. आज कोट बघून म्हणाले, "येन्स नऊ वर्षांचा होता, तेव्हा पहिल्यांदा माझ्याबरोबर शिकारीला आला."
मीरा लगेच, "मी पण नऊचीच आहे." जर्मनमध्ये. माझ्याशीही हल्ली जर्मनच, तेही एखाददुसरा शब्द. आज मात्र केक संपेपर्यंत ओपांना प्रश्न विचारत होती.
शिकारीला जा म्हटलं. अट एकच, मीही येणार.

१३ ऑक्टो.
गावाबाहेरची मोहरीची शेतं, धुकं, चिखल. ओपा, त्यांची कुत्री आल्मा, मीरा, मागे मी. फेझंट शोधायचे. आपल्या रानकोंबड्याचा श्रीमंत चुलतभाऊ म्हणायचा. सांगलीला आप्पा कोंबडी कापायचे तेव्हा पाय मी धरायचे. रक्ताचं मला काही नाही. बंदुकीचं आहे.
ओपांनी मीराला बजावलं, "कायम माझ्या डाव्या हाताला, एक पाऊल मागे. नळीच्या पुढे कधीच नाही." मीरा अगदी शहाण्यासारखी चालली.
काहीच मिळालं नाही. परतताना तिने माझा हात धरला. येन्सच्या दफनानंतर पहिल्यांदाच.

२० ऑक्टो.
आज कोंबडा उडाला. ओपांनी बार काढला. पडला, पण मेला नाही. आल्माने आणला तेव्हा एक पंख फडफडत होता. ओपांनी मान धरली, पण पिळता येईना. पुन्हा धरली. पक्षी ओरडत राहिला. शेवटी मी घेतला. आप्पांनी शिकवलं होतं तसं, एका झटक्यात.
मीरा, "त्याला कळलं?"
"नाही."
"बाबाला कळलं होतं?" 'बाबा' तेवढं मराठीत.
मी हो म्हणाले. खोटं सांगून काय करू. हॉस्पिटलात शेवटच्या आठवड्यात येन्सला सगळं कळत होतं.
संध्याकाळी तिने मांस खाल्लं. दाताखाली छर्रा आला, तो ताटाच्या कडेला काढून ठेवला.

२७ ऑक्टो.
मीराला ताप. गेलो नाही. ओपांचा फोन, "किती वाजता येऊ?" आज नको, असं सांगितलं. तासाभराने परत तेच.

३ नोव्हेंबर
लिहायला नको वाटतंय.
मीरा सांगितल्याप्रमाणे डावीकडे, मागे. पक्षी तिच्याच बाजूने उठला. ओपा बंदुकीसकट वळले. नळी पक्ष्यामागे फिरत फिरत मीराच्या डोक्याच्या उंचीवर. मी मराठीत किंचाळले, "मीरा, खाली बस!" बसली. बार तिच्यावरून गेला.
आणि ओपा तिच्यावरच ओरडले, "येन्स, बाजूला हो म्हटलं ना!"
मीरा चिखलातून, "मी मीरा आहे, ओपा."
त्यांनी तिच्याकडे कितीतरी वेळ पाहिलं. मग, "हो, बरोबर." आणि पक्षी शोधायला लागले. जणू काही झालंच नाही.
गाडीत मीरा आल्माच्या कानातलं गवत काढत बसली.

६ नोव्हें., मंगळ.
ऑफिसातून परस्पर ओपांकडे. काय झालं ते सांगितलं. आधी म्हणाले, शक्यच नाही, आयुष्यभर बंदूक धरतोय. मग, "मी तिला येन्स म्हणालो?"
"हो."
उठून कॉफी गाळली. पाठ माझ्याकडे. उन्हाळ्यापासून डॉक्टरकडे जातायत म्हणे. विसरणं वाढत जाणार, हे त्यांना सांगितलंय. मला आज कळतंय.
म्हटलं, बंदूक जमा करा. नाहीतर मला परवाना कचेरीत कळवावं लागेल.
"ती गेली तर मीरा कशाला येईल माझ्याकडे?"
कॉफी तशीच ठेवून निघाले.

८ नोव्हें.
बंदुकीचे परवाने देतात त्या कचेरीत फोन लावला. बाई शांतपणे म्हणाली, "कोणाबद्दल बोलताय?" नाव तोंडापर्यंत आलं. फोन ठेवला.
मीराला समजावलं, ओपांचा मेंदू आजारी आहे. म्हणाली, "माहितेय. तू लांब असलीस की ते मला येन्सच म्हणतात."
"आणि तू?"
"मी हो म्हणते. मग ते बाबाच्या गोष्टी सांगतात. तुला माहीत नसलेल्या."
मला रडू आलं. तिने टिश्यूचा डबा पुढे सरकवला. नऊ वर्षांची पोर.

१० नोव्हें., शनि.
ओपा आले. बंदूक गाडीत. मी दारातच उभी राहिले, म्हटलं, आज नाही. त्यांनी काडतुसं काढून माझ्या हातात दिली. "तू ठेव. मी नुसता चालेन तिच्याबरोबर."
सगळी दिली का? कोटाचे खिसे तपासावेत असं वाटलं. सासऱ्यांच्या खिशात हात कसा घालायचा. त्यांनी माझी नजर ओळखली आणि स्वतःच खिसे उलटे करून दाखवले. मान खाली. तसं बघवेना.
गेलो. रिकामी बंदूक त्यांनी सवयीने घेतलीच. मधे मी, मीरा माझ्या पलीकडे. कोंबडा उठला. ओपांनी बंदूक खांद्याला नेली, चाप ओढला. नुसतं टक्. गोंधळून बंदुकीकडे बघत राहिले. पक्षी झाडांपलीकडे गेला.
"पुढच्या वेळी, येन्स," म्हणाले.
मीराने आधी माझ्याकडे पाहिलं. मग त्यांचा हात धरून, "हो, पपा."
दोघं पुढे गेली. येन्स नवव्या वर्षी धुक्यात कसा हरवला होता, ते ओपा सांगत होते. मलाही ऐकायचं होतं. मी मागेच राहिले.
सोमवारी कचेरी उघडेल. काडतुसं माझ्याच कोटात राहिलीयत. त्यांच्या घरी आणखी किती आहेत, ते मी विचारलेलं नाही.