चौकटीबाहेरचं मांजर

मोकपो

प्रिय ग्यूचोल,

तुझ्या आईवर नटी व्हायची वेळ आली, ऐकलंस का? समोरच्या शाळेतली, रोज माझ्याकडे किमबाप खायला येणारी पोरं परवा दुपारी फोन आणि तो उभा करायची एक तिपाई घेऊन दुकानात शिरली. शाळेतल्या स्पर्धेसाठी एका मिनिटाची विनोदी फिल्म करायची होती म्हणे. त्यांची पुढारी हेवॉन, चष्मेवाली, जिभेने तिखट. मला म्हणाली, "आजी, वर चांगला कोट घाला, खाली काहीही चालेल." तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली. खाली माझी फुलाफुलांची ढगळ विजार, रबरी बूट आणि पुढ्यात मासळीचं घमेलं. ही कार्टी माझी फजिती शाळाभर दाखवणार, दुसरं काय! त्यात सगळी तोंडावर हात ठेवून कुजबुजत होती, आणि फोनमध्ये काय दिसतंय ते मला दाखवेनात. मी नुसतं करड्या आवाजात म्हणायचं होतं, "तुमची मागणी मान्य होणार नाही. मागच्या वेळचंच अजून पचलेलं नाही." जरा हसले की हेवॉन ओरडायची, "आजी, तुम्हीच हसलात तर बघणारे कशाला हसतील?" मी म्हटलं, "मग काय रडू, बाई?" तर म्हणे, "रडूही नका. बँकेतल्या साहेबासारख्या बसा."

शेवटी एकदाचं दाखवलं. आधी नुसता माझा चेहरा आणि कोटाची कॉलर. वाटावं, कोणी मोठी अधिकारीण कुणा बड्या असामीला झापतेय. मग फोन हळूहळू मागे सरकतो. बूट दिसतात, घमेलं दिसतं, आणि समोर तोंड पाडून बसलेलं आपलं भुरं मांजर! हसून हसून माझ्या डोळ्यांना पाणी आलं. मांजर पहिल्यापासून तिथेच होतं रे, त्यांनी फक्त ते दाखवलं नव्हतं. हेवॉन म्हणाली, "युक्ती एवढीच, आजी. जवळून दाखवलं की बघणारा बाकीचं आपल्या मनाने भरून घेतो."

पोरं गेली, आणि मी मासळी तशीच टाकून बसून राहिले.

कारण सणापासून तूही मला जवळूनच दिसतोस. पूर्वी फोन केलास की चुलीवरचं सूप दाखवायचास, फ्रिज उघडून माझी किमची किती उरलीय ते दाखवायचास. आता नुसता चेहरा, गळ्यापर्यंत. बाकीचं मी मनाने भरत होते: उलसानची तुझी खोली, गोदीतलं जादा काम, म्हणून सणाला आला नाहीस. पण तुझ्या मागची भिंत फिकट हिरवी कधी झाली? भरदुपारी केस उशीने चेपलेले कसे? गेल्या रविवारी कोणी बाई "गोळ्या घेतल्या का?" म्हणाली, तर तू म्हणालास, टीव्ही चालू आहे. टीव्हीतल्या बाईला मान डोलावून उत्तर कोण देतं रे? तुझ्या खोलीतल्या सोकजूला फोन केला, तर मी काही विचारायच्या आधीच, "काकू, तो अगदी ठणठणीत आहे!"

हे सगळं फोनवर विचारलं असतं, तर तू हसून फोन आणखी जवळ धरला असतास. म्हणून लिहितेय, आणि पत्र सोकजूकडे पाठवतेय. तू जिथे असशील तिथे तो आणून देईल. येत्या रविवारी फोन लांब धर, पायांपर्यंत दिसशील इतका. हाताने धरता येत नसेल, तर शेजारच्या खाटेवरच्या माणसाला धरायला सांग. आणि त्यांना काय खायला आवडतं तेही विचारून ठेव. मी येताना दोघांचा डबा आणीन.

तुझीच, काहीही बघायची तयारी केलेली,
आई