यादीतलं आठवं नाव

गिरगाव, मंगळवार संध्याकाळ, १९५६

आज साहेबांनी यादी टाइप करायला दिली. रविवारी संयुक्त महाराष्ट्राच्या सभेला गेलेले आमच्या कचेरीतले सात कारकून. सगळ्यांना ताकीद मिळणार. आणि मी? मीही होते की सभेत, घसा बसेपर्यंत घोषणा देत होते. मला कोणी पाहिलंच नाही? की बाई म्हणून पाहूनही धरलं नाही? सातवं नाव टाइप करेपर्यंत हेच सलत होतं.

मग आठवं मी माझंच टाइप केलं.

साहेबांनी कागद वाचला. "बाई, हे शेवटचं चुकून पडलंय."

"नाही साहेब. मी होते तिथे."

"नोकरीला वर्ष तरी झालंय का तुमच्या?"

"नाही झालं. पण मुंबई आमची आहे, हे सांगायला वर्षभर थांबायचं का?"

एवढं मी बोलले! साहेबांनी सही केली आणि कागद वर पाठवला. पाहून धरलं नव्हतं ना? आता धरा.

घरी आल्यावर दादांना सगळं सांगितलं. माझे वडील म्हणजे तीस वर्षं खाली मान घालून कारकुनी केलेला माणूस. आई तर रडायलाच लागली.

दादांनी विचारलं, "पूर्ण नाव घातलंस?"

"हो."

"म्हणजे मधे माझंही आलं."

आता ओरडणार, असं वाटलं. मीही उत्तर तयार ठेवलं होतं. पण ते म्हणाले, "स्पेलिंग नीट केलंस ना? आमच्या कचेरीत माझं नेहमी चुकवायचे."