प्लेटलेट्स देणाऱ्यांना काय लिहावं

माय, तुझे जावई जाऊन दीड महिना झाला आणि मी एका इंग्रजी वाक्यावर अडून बसले आहे. त्यांच्या रक्ताच्या आजारात माझ्या ऑफिसातली माणसं पाळीपाळीने प्लेटलेट्स द्यायला आली. कोणी केरळचं, कोणी ओडिशाचं, बदली होऊन नागपुरात आलेली. हातात सुई, बाजूला मशीन घरघरतंय आणि ही माणसं तास-दीड तास मुकाट पडून. माझ्याशी नातं काय, तर शेजारचं टेबल. आठवलं की अजूनही अंगावर काटा येतो. त्यांना मराठी येत नाही. तुझी नात म्हणाली, "आई, 'थँक यू ऑल फॉर युवर सपोर्ट' टाक ना ग्रुपवर, झालं." टाकायला गेले तर बोट पुढे सरकेना. सपोर्ट म्हणे. संत्र्याच्या लदलेल्या फांदीला आपण बांबू लावतो, तो सपोर्ट. यांनी तर अंगातलं काढून दिलं होतं.

मग तू आठवलीस. नरखेडकडच्या आपल्या घरी, बाबांचा विहिरीत पडून पाय मोडला तेव्हाची. ते दवाखान्यातून परत आले आणि दुसऱ्या दिवशी तू मला घेऊन, दवाखान्यात डबे पाठवणाऱ्यांकडे घरोघर निघालीस. मी नुकती कॉलेजात जायला लागलेली, शहाणी. शेजारच्या काकांना म्हटलं, "थँक्यू काका." त्यांचा चेहरा उतरला. "आता आमी पाव्हणे झालो का वं?" तू हसून सावरलंस, खाली बसलीस आणि सांगायला लागलीस, "भाऊजी, तुमच्या डब्यातली भाकर ह्यायनं पयल्यांदा मागून खाल्ली. मंग झोपले. मंग मी बी झोपली." काका लगेच आत ओरडले, "त्या दिवशी भाजी कोणती व्हती वं?" आणि चहा होईपर्यंत त्या भाजीवरच बोलणं चाललं. वाटेत मला म्हणालीस, "थँक्यू काहून म्हटलं वं? त्यायनं जे देल्लं त्याचं का झालं, हे त्यायले मालूम नको का?"

तर ग्रुपवरचं पुसलं आणि एकेकाला लिहायला बसले. केरळच्या बाईंना लिहिलं, "आफ्टर युवर प्लेटलेट्स, ही शेव्ड हिमसेल्फ दॅट संडे अँड सँग ॲट द मिरर." व्याकरण बरोबर आहे की नाही, देव जाणे. त्यांनी उत्तर लिहिलंच नाही, सरळ फोन केला. म्हणाल्या, "मुझे लगा, मेरा दिया सब बेकार गया." ऑफिसात त्या मला टाळत होत्या आणि मला वाटायचं, विधवा बाईशी काय बोलावं म्हणून टाळतात. माय, मी थक्क झाले गं. देऊन वर शरमलेली माणसं मी पहिल्यांदा पाहिली. सपोर्टवालं ते वाक्य गेलं असतं तर त्या तशाच राहिल्या असत्या.

आता एकच राहिलं आहे. आमचे ओडिशाचे लेखाधिकारी, त्यांनी शेवटी दिलं आणि दुसऱ्या दिवशी हे गेले. त्यांना तर नक्कीच वाटत असणार की वाया गेलं. गेलं नाही. त्यांनी दिलं त्याच संध्याकाळी, दोन दिवस ग्लानीत राहिल्यावर, यांनी डोळे उघडले आणि म्हणाले, "अवं, चष्मा दे. तू दिसून नाही राहिली." मी चष्मा लावून दिला. पुष्कळ वेळ पाहत राहिले माझ्याकडे, आणि मी बाई लाजले, या वयात.

"ही आस्क्ड फॉर हिज ग्लासेस, टु सी मी." एवढं लिहून ठेवलं आहे. शब्द बरोबर आहेत, बदलायचं काही नाही. रोज ऑफिसात ते समोर दिसतात, मान खाली घालून जातात. तरी पाठवत नाही मी. पाठवलं की ती संध्याकाळ माझी एकटीची राहणार नाही, आणि माझ्याजवळ सध्या तेवढीच आहे.