आईच्या छातीतली खूण

बाबा, आज आईच्या छातीतल्या गाठीचा तुकडा तपासायला काढला. गाठ हरभऱ्याच्या डाळीएवढी आहे, अहवाल यायला आठवडा लागेल. तुकडा काढल्यावर डॉक्टरांनी त्याच जागी धातूची एक खूण ठेवली, तिळाहून लहान. तुम्ही लगेच विचारलं असतं, ती कशाला? औषधांनी गाठ कधीकधी इतकी विरते की पुढे शस्त्रक्रिया करणाऱ्याला ती सापडतच नाही. खूण एक्स-रे फोटोत पांढरी दिसते, मग कुठे कापायचं ते कळतं. तुम्ही गेलात तेव्हा मी अकरावीत होते, त्यामुळे तुम्हाला माहीत असायचं कारण नाही, पण ही खूण आत नेऊन सोडणारी सुई, तिची मूठ, तिचा खटका, हे सगळं आखणं हेच माझं काम आहे. पूर्ण्याला आपली भाताची खाचरं होती तिथून दोन गोदामं सोडून, वरच्या मजल्यावर आमची कार्यशाळा आहे. खिडकीतून कंटेनर दिसतात. एखाद्या दुपारी बघता बघता ते पुसट होतात आणि खाली जुन्या खाचरांत पाणी साचलेलं दिसतं, त्यात बगळे उभे. कामाच्या वहीची पानं क्रमांकाची असतात, त्यात असलं काही लिहिता येत नाही. म्हणून हे सुट्या कागदावर.

एक दिवस पुन्हा पुन्हा डोळ्यांपुढे येतो. मी तुमचा डबा घेऊन यंत्रमागाच्या कारखान्यात आले आहे, सहावीत असेन. आत मागांचा आवाज इतका मोठा आहे की थोड्या वेळाने तो ऐकूच येत नाही, पाण्याखाली गेल्यासारखं वाटतं. झरोक्यातून येणाऱ्या उन्हात कापसाचे तंतू तरंगताहेत, तुमच्या भुवयांवर बसले आहेत. तुम्ही एका मागाशी वाकून उभे आहात. बाण्याचा, म्हणजे आडवा, धागा तुटला की माग थांबवणारा एक छोटा काटा असतो. कारागिराने तो सुताने बांधून ठेवला होता. धागा तुटला, माग चालतच राहिला, आणि हातभर कापडात नुसते उभे धागे, आरपार दिसणारे. तुम्ही माग बंद करता. कारागीर म्हणतो, "क्या करूं मिस्त्री, धागा साबुत रहता है तो भी रुकता है. दिनभर यही करूं?" "तो मेरेको बुलाने का ना! बांधता कायको है? कल मेरेको भी बांधेगा क्या?" तो हसतो, मीही हसते, जरा जास्तच, कारण चोरी पकडली गेली असं मला वाटतं. तेव्हा तुम्ही माझ्याकडे वळता. "हसतेस काय? काटा खोटं बोलतो, म्हनून त्यानं बांधला. मानसाचा दोष न्हाय. हात धू आन् बस तिकडं." एवढंच. मग तुम्ही काटा काढून कानस घेऊन बसलात, आणि डबा गार झाला. मला राग आला होता. माझी बाजू न घेता तुम्ही त्या परक्या माणसाची घेतलीत, एवढंच मला कळलं.

आमच्या जुन्या सुईत मागून दाबायचा दट्ट्या आहे. हात जरा थरथरला, पेशंट खोकला, की खूण वेळेआधी सुटते, अर्धा-एक सेंटिमीटर अलीकडे. सुटलेली खूण परत घेता येत नाही. म्हणून मी बाजूला एक अडसर बसवला: तो सरकवल्याशिवाय दट्ट्या दाबलाच जाणार नाही. कागदावर तो निर्दोष होता. ठाण्याच्या एका दवाखान्यात कोंबडीच्या मांसावर चाचणी घेतली तेव्हा पाहिलं, तर पाचही सुयांचे अडसर चिकटपट्टीने उघडे बांधलेले. सिस्टर अजिबात ओशाळली नाही. "मॅडम, जेल लागलेल्या ग्लोव्हजनी ते सरकत नाही. दुसऱ्या हातात सोनोग्राफीचा प्रोब. तुम्हीच सांगा, तिसरा हात कुठून आणू?" मी परत येऊन अहवालात लिहिलं: वापरणाऱ्याची चूक. ते दोन शब्द बराच वेळ बघत बसले. आमच्याकडे खोडायचं तर एकच रेघ मारतात, खालचं वाचता आलं पाहिजे, आणि शेजारी सही. मी रेघ मारली. आठ महिने लागले. आता अडसर नाही. अंगठा पुढे सरकवायचा आणि वाटेतला लहानसा उंचवटा ओलांडायचा. थरथरणाऱ्या हाताला तो ओलांडता येत नाही, ठरवलेल्या हाताला जाणवतही नाही. पण परवानगी यायची आहे. आज आईच्या वेळी ट्रेमध्ये जुनीच सुई होती.

मी डॉक्टरांना सगळं सांगू शकले असते. त्यांनी आजवर अशा कितीतरी खुणा ठेवल्या आहेत, हेही मला माहीत होतं. मी काचेच्या अलीकडे उभी राहिले. आत जाण्याआधी आईने विचारलं, "आत ठेवतील, मंग काढतील कवा?" मी म्हटलं, बहुधा काढावी लागत नाही. "म्हंजे माझ्यात बी खिळा ठोकला. तुझा बाप असता तं म्हनला असता, हातोडी मी धरतो." मी हसले नाही. तिने माझी ओढणी ओढली. "पोरी, तू घाबरलीस तं मी कुनाच्या तोंडाकडं बघू?" मग ती आडवी झाली आणि मला फक्त डॉक्टरांचा अंगठा दिसत राहिला. दट्ट्यावर टेकलेला. आई श्वास घेते, पोट वर येतं, अंगठा थांबतो. काचेपलीकडे सगळं फार सावकाश चाललं होतं, आवाज नव्हता.

नंतर त्यांनी फोटो लावला. राखाडी धुक्यात एक पांढरा ठिपका. तुकडा काढलेली जागा त्याभोवती पुसटशी दिसत होती. मी पडद्यावरच्या पट्टीने अंतर मोजलं, मग पुन्हा मोजलं. ठिपका अगदी जागेवर होता. आई चोळीची गाठ बांधत बाहेर आली. "बरोबर हाय ना?" मी हो म्हटलं.

बाबा, त्या ‘हो’च्या आधी एक क्षण मला वाईट वाटलं होतं. ठिपका चुकला असता, तर जुन्या सुईबद्दलचं माझं म्हणणं खरं ठरलं असतं.