डमरू बसवलेला ट्रे

भोपाळ, मंगळवार

प्रिय सुचेता,

पहिल्या बक्षिसाबद्दल अभिनंदन! लेडीज क्लबच्या प्रदर्शनात तो शिसवी ट्रे, पुढे तुझ्या नावाची चिठ्ठी आणि भोवती "भाभीजी, क्या हाथ है आपका!" असा गजर. हात माझा होता. पण आपल्या टाऊनशिपमध्ये कला नवऱ्याच्या ग्रेडबरोबर वाढते, हे मी विसरलेच. "ह्यांना दाखवून आणते" म्हणून ट्रे घेऊन गेलीस, ती थेट प्रदर्शनात.

क्लबातल्या जडावकामाच्या वर्गात तू छिन्नी धरायचीस ती आंबा चिरायला बसल्यासारखी. चीर गेलेल्या फळीत डमरूच्या आकाराचा तुकडा आडवा बसवला, की तो दोन्ही बाजू धरून ठेवतो आणि चीर वाढत नाही. दिसतोही छान. त्यासाठी तुकडा आधी कापायचा, फळीवर ठेवून भोवती रेघ मारायची आणि मग रेघेच्या आत बेताबेताने कोरायचं. बाईसाहेबांनी आधी खड्डा कोरला आणि मग त्यात मावेल असा तुकडा शोधत बसल्या! शेवटी भुसा आणि गोंद कालवून लिंपलंस, वर पॉलिश फासलंस. चीर पुन्हा उघडली तेव्हा लाकडालाच नावं ठेवलीस. तुझ्या भालचंद्ररावांना बढती मिळाल्यावर तर वर्गाला यायचंच सोडलंस.

ट्रेचं मला काही नाही. आपण शेजारी राहत होतो तेव्हा माझ्या कढईतली भजी तू न विचारता उचलायचीस, मला बरंच वाटायचं. पण प्रदर्शनात तू मला नमस्कार केलास तो अनोळखी बाईला करावा तसा. तेव्हा मात्र तुझी किळस आली, आणि घरी येऊन रडले.

आता कामाचं. दिल्लीहून आलेल्या मोठ्या साहेबांच्या पत्नी तुझ्या ट्रेवर फार खूश आहेत. येत्या रविवारी क्लबात सगळ्यांसमोर तू डमरू बसवून दाखवशील का, असं त्यांनी मला विचारलं. तू फोटो काढून घेण्यात गुंतली होतीस. खरं सांगायला तोंड उघडलं, पण तुझी फजिती माझ्याच्याने होईना. तुझ्या वतीने हो म्हणून टाकलं. तेव्हा उद्यापासून रोज दुपारी माझ्याकडे ये. जुनी साडी नेस, नखं काप. शिकवीन, शिव्याही देईन. आणि नाही आलीस, तर रविवारी ग्रेडबिड न बघता मी पहिल्या रांगेत येऊन बसणार आहे.

चिडलेली, तरी तुझीच,
कमलिनी