सत्तर टक्के ऐकणं

३ मार्च, सकाळी ६.१०
आजपासून मी मेंटर. दोन दिवसांचं ट्रेनिंग, सर्टिफिकेट आणि युनिफॉर्मवर लावायचा बिल्ला. पोलीस ठाण्यात प्रत्येकाला आपलं वाटलं पाहिजे, हा उद्देश. मला तो पूर्ण पटला आहे. ट्रेनर म्हणाले, सल्ला देऊ नका, ऐका. हे मला जमणारच. आमच्या घरात मी धाकटी, बोलायची पाळी कधी आलीच नाही.
निश्चय: सत्तर टक्के ऐकणं, तीस टक्के बोलणं. घड्याळ लावून.

५ मार्च
माझ्याकडे सोपवलेली मुलगी म्हणजे नवी शिपाई. डोंगरपट्ट्यातली. तिकडच्या बोलण्याला एक चाल असते, वाक्य शेवटी वर चढतं. ती वायरलेसवर बोलली की मिशीकाका, म्हणजे गस्तीच्या गाडीवरचे सर्वांत जुने शिपाई, तिच्याच चालीत उत्तर देतात आणि अख्खं ठाणं हसतं. मीही हसले, पण मनातल्या मनात. ते धरायला नको.
तिला म्हटलं, मॅडम नको, ताई म्हण. 'बरं, मॅडम,' म्हणाली.
भेट पस्तीस मिनिटं. पैकी माझं बोलणं एकतीस. पहिल्या वेळी प्रस्तावना लागतेच.

१२ मार्च
आज ऐकलं! कॅन्टीनच्या कोपऱ्यात. चक्क ताई म्हणाली. 'ताई, तुमच्यापाशी म्हणून सांगते. गस्त मला आवडते. पण वायरलेसचं बटण दाबायचं म्हटलं की बोट मागे येतं. परवा बाजारात मारामारी चालली होती. मदत मागवायला हवी होती. नाही मागवली. वाटलं, परत हसतील.'
माझे डोळे भरून आले. पण वाहवत जायचं नाही. बाबा कोर्टात कारकून. त्यांनी आम्हाला अक्षरओळखीच्या आधी शिकवलं, लिहिलं नाही ते घडलंच नाही. म्हणून तिचं सगळं बोलणं तारीखवेळेसह उतरवून घेतलं, जबाब घेतो तसं. वाचून दाखवलं. सही मागितली.
'सही कशाला, ताई?'
तुझ्याच भल्यासाठी, म्हटलं. केली बिचारीने.
आईला फोनवर सांगितलं. आई म्हणाली, 'अगं, पोर मन मोकळं करत होती की गुन्हा कबूल करत होती?' आईला पद्धत माहीत नाही.

१३ मार्च
झोप लागली नाही. कागद बॅगेत आहे. आपल्यातच राहील, असं मी तिला म्हटलं होतं. पण सुरक्षेची बाब असेल तर वर कळवा, असं माहितीपुस्तिकेत पान चारवर आहे. पान तीनवर 'आधी तिला विचारा' असं आहे. विचारलं असतं तर घाबरली असती. तिची काळजी म्हणूनच विचारलं नाही.

१४ मार्च
कागद साहेबांकडे पाठवला. योग्य मार्गाने, म्हणजे जमादारांमार्फत. आलेला कागद मोठ्याने वाचून मगच पुढे सरकवायचा, ही जमादारांची जुनी सवय. हे मला माहीत होतं, पण ऐन वेळी आठवलं नाही. त्यांनी हजेरीच्या खोलीत, सगळ्यांसमोर वाचला. चालीसकट.
ती तिथेच पाण्याची बाटली भरत होती. बाटली भरून वाहायला लागली तरी तिने नळ बंद केला नाही.

१७ मार्च
साहेबांनी तत्परता दाखवली. मिशीकाकांना समज. तिला गस्तीवरून काढून रेकॉर्ड रूममध्ये. 'तिला त्रास नको,' म्हणाले. पंधरवड्यात एवढा बदल! आता तिला कोणी हसत नाही. तिच्याशी कोणी बोलतच नाही, हा भाग वेगळा.

२४ मार्च
भेट चाळीस मिनिटं. कशी आहेस? 'बरी आहे, मॅडम.' काही सांगायचंय? 'नाही, मॅडम.' माझं बोलणं दोन मिनिटं, बाकी सगळं ऐकणं. पंचाण्णव टक्के! ट्रेनिंगमधल्या कोणालाही एवढं जमलं नसेल.
जेवण गेलं नाही. बहुधा उन्हामुळे.

२ एप्रिल
जमादार सहज बोलून गेले, गस्तीचे दिवस भरले नाहीत तर त्या पोरीची नोकरी पक्की होणार नाही, महिनाअखेरीला घरी. मला हे माहीत नव्हतं. म्हणजे नियम माहीत होता, तो तिलाही लागू होतो हे सुचलं नव्हतं.
निश्चय: उद्या साहेबांना भेटायचं. स्पष्ट बोलायचं.

३ एप्रिल
साहेब मीटिंगमध्ये.

४ एप्रिल
साहेब मोकळे होते. कधी नव्हे ते निवांत बसलेले, त्रास द्यावासा वाटला नाही. अर्जाचा मसुदा करते. तिसरा मसुदा बरा झालाय.

९ एप्रिल
मिशीकाका जमादारांना वळसा घालून तडक साहेबांच्या खोलीत शिरले. 'हसलो मी, आणि शिक्षा पोरीला? उद्यापासून माझ्या गाडीवर द्या तिला.' ना अर्ज, ना टिपण. साहेबांनी दिली! अशाने शिस्त राहील का? माझा पाचवा मसुदा जवळजवळ तयार होता.

११ एप्रिल
साहेबांनी एक कागद पुढे केला. तिचा अर्ज: मेंटर बदलून मिळावा. नवा मेंटर म्हणून नाव मिशीकाकांचं.
तशीच रेकॉर्ड रूममध्ये गेले. ती तिथलं उरलेलं काम उरकत होती. म्हटलं, अगं, ज्यांनी नक्कल केली, तेच?
फायलींचा गठ्ठा बांधता बांधता म्हणाली, 'हसले ते तोंडावर, मॅडम. माफी मागितली तीही तोंडावर. त्यांना काही सांगितलं तर ते कुठे जाईल, हे मला कळतं.'
आणि मला सांगितलं तर?
तिने गाठ आवळली. गस्तीचे दिवस भरतील का, मी विचारलं. 'चार कमी पडतायत. बघू.'
माझा हात खिशातल्या पेनाकडे गेला होता. तिने तो पाहिला. मी मागे घेतला.
तिच्यासमोर एक अक्षरही लिहिलं नाही. घरी आल्यावर, विसरायच्या आत, तिचा शब्द न् शब्द इथे लिहून ठेवला.