मातीच्या भिंतीवरचा धुता येणारा रंग

सोमवार, ४ ऑक्टोबर

भिंत फुगलीय! ताईच्या पाळणाघराची, माझी पहिली मातीची भिंत — साचा लावून, थरावर थर ठोकून केलेली. नळाच्या बाजूला, मुलांच्या गुडघ्याच्या उंचीवर, आणि फुगवट्यावर एक बारीक भेग. हात फिरवला तर रंगाखाली गार आणि मऊ. गवंडीकाकांनी बोटाने ठोकून पाहिलं. आवाज बद्द. मग वाकून नळाखालची जमीन चाचपली.

मंगळवार, ५

कारण शोधायला लांब जायला नको. मातीच्या भिंतीला चुनाच लावायचा, आतली ओल बाहेर पडायला वाट हवी — हे मी व्याख्यानांतून घसा फोडून सांगते. चुना मुलांच्या कपड्यांना लागतो म्हणून आईबाप कुरकुरले, तेव्हा ताईने फोन केला होता. धुता येणारा प्लास्टिकचा रंग चालेल का? मी दुसऱ्या साइटवर, घाईत. चालेल गं, म्हटलं. लोका सांगे ब्रह्मज्ञान! नळाची ओल वर्षभर आत कोंडत राहिली.

बुधवार, ६

सोमवारी पुरस्काराची समिती येणार. हीच भिंत बघायला. बारा वर्षं लोक मला 'मातीवाली बाई' म्हणून हसले, आणि आता कुठे हे.

काका म्हणाले, "मॅडम, आधी पोरं हलवा. टेकू लावून भागायचं नाही."

सोमवारपर्यंत थांबू, मी म्हटलं. ताईला एवढ्यात सांगू नका. त्यांनी चष्मा पुसला आणि थापी न घेताच निघून गेले.

गुरुवार, ७

सांगायचंच म्हणून गेले. मुलं निजली होती, अकरा गाद्या भिंतीच्या कडेने ओळीत. आज भिंतीच्या डॉक्टरीणबाई कशा काय, ताईने चिडवलं. सहज, म्हटलं! फोटो चांगले येतील म्हणून गाद्या हातभर पुढे घ्यायला लावल्या. हातभर! तिची पाठ वळल्यावर भेगेच्या टोकाला पेन्सिलीने खूण केली.

शुक्रवार, ८

सकाळी जाऊन पाहिलं. भेग खुणेच्या वीतभर पुढे.

घरी येऊन ताईला फोन केला — छकुलीला खोकला आहे, आज पाठवत नाही. माझ्या लेकीला कसला खोकला! दिवसभर घरात धुडगूस. बाकीची दहा नेहमीसारखी गेली असतील. जेवण गेलं नाही. मला माझीच किळस येतेय. तरी सोमवार आता तीनच दिवसांवर.

शनिवार, ९

दुपारी भिंत कोसळली. मुलांच्या निजेच्या वेळेला. मी अनवाणीच धावले.

आत एकही गादी नव्हती. मुलं शेजारच्या वाचनालयाच्या हॉलमध्ये, कालपासून. ताई दारात उभी. काकांनी सांगितलं का, मी विचारलं.

"नाही. फोनवर तुझ्यामागे छकुली गाणी म्हणत होती. तू तुझी तेवढी घरी ठेवलीस, तेव्हा मी बाकीची हलवली."